शिडांखालची होडी

मित्रांनो, एडवणला शकूताईंच्या ओटीवर तुम्ही कॉम्प्युटर शिकायला येता, तेव्हा मागच्या फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक काळपट धातूची डबी तुम्हाला दिसत असेल. कंपासपेटीपेक्षा थोडी रुंद आणि हातात घेतली तर चांगलीच जड. ती डबी म्हणजे मी. परवा तुमच्यापैकी कुणीतरी मला खाली उतरवले आणि दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला माझेच टेकण लावले. मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत मी धुसफुसत होते, पण माझी धुसफूस ऐकणार कोण? माझी मोटर बंद पडून आता काळ लोटला.

मी आहे एक जुनी हार्ड डिस्क. तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरच्या पोटात माझीच कुणी नात-पणती बसलेली आहे. तिच्यापुढे मी म्हणजे अगदीच म्हातारी. पण एके काळी बोईसरच्या एका कारखान्यात माझा थाट असा होता, की माझ्या खोलीत साहेबसुद्धा चपला बाहेर काढून येत.

माझा जन्म सिंगापूरचा. तिथल्या कारखान्यात धुळीचा कणही येऊ देत नाहीत. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या मुलींनी मला बनवले. माझ्या पोटात आरशासारख्या लख्ख चकत्या आहेत, एका दांड्यात ओवलेल्या. त्या भिंगरीसारख्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीकशी सुई तरंगत जाते. ती चकतीला शिवत नाही. शिवली की चरा पडला आणि लिहिलेले गेलेच म्हणून समजा. तुम्ही मला काही सांगितले की सुई ते चकतीवर लिहून ठेवते आणि पुन्हा मागितले की वाचून देते. लिहिणे, जपणे आणि मागताच देणे, एवढेच माझे आयुष्य. आम्हाला डोळे नसतात, मित्रांनो. आम्ही जे लिहून घेतो तेच आमचे बघणे. मात्र खोलीतली माणसे काय बोलतात ते आम्हाला ऐकू येते, कारण आवाजाने आम्ही थरथरतो. डोळ्यांनी दिसणारे जे काही मी सांगेन, ते पुढे शकूताईच्या तोंडून ऐकलेले.

पंच्याण्णव साली मी जहाजाने मुंबईला आणि तिथून टेम्पोने चिल्हार फाट्यामार्गे बोईसरला आले. माझ्याबरोबर माझ्या चार बहिणी होत्या. सगळ्या एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच मापाच्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडावर छपाई करणारा एक कारखाना होता. नाव सांगत नाही, कारण आता तो दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे. तिथे कॉम्प्युटरवर साड्यांची, चादरींची नक्षी काढायचे काम नुकतेच सुरू झाले होते. ती सगळी नक्षी जपून ठेवायला आम्हाला आणले होते.

आमच्यासाठी पाच खणांचे एक कपाट होते. प्रत्येकीला एक खण आणि प्रत्येकीच्या कपाळावर एक दिवा. दिवा हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे दुखणे. मी दुसऱ्या खणात होते. पहिली बहीण जरा शिष्ट, आपण पहिल्या म्हणून. चौथी अगदी अबोल. पाचवी बडबडी, तिच्या मोटरचा सूर आमच्यापेक्षा किंचित वर लागायचा. आणि माझ्या शेजारच्या खणात तिसरी. तिची मोटर माझ्या मोटरशी सूर जुळवून फिरायची. इतक्या वर्षांत कुणाशी माझे इतके जमले नाही.

आमची काम करायची रीत मी तुम्हाला समजावून सांगते, कारण पुढे जे झाले ते या रीतीवरच अवलंबून आहे. एखादे चित्र आमच्याकडे आले की त्याच्या बारीक पट्ट्या व्हायच्या. एक पट्टी पहिलीकडे, दुसरी माझ्याकडे, अशा चार पट्ट्या चौघींकडे आणि त्या चारींची मिळून केलेली बेरीज पाचवीकडे. पुढच्या खेपेला बेरीज चौथीकडे, मग तिसरीकडे, असे पाळीपाळीने. त्यामुळे एकीच्या पोटात कधीच अख्खे चित्र नसे. पण एक बहीण आजारी पडली तर उरलेल्या चौघी बेरीज-वजाबाकी करून तिची पट्टी बरोबर सांगत. दोघी पडल्या, तर मात्र बेरीज कशाची करणार?

कॉम्प्युटर खोलीचे प्रमुख होते कृष्णकांतराव. पालघरचे, इस्त्रीचा शर्ट, मोजके बोलणे. त्यांना आमचा फार अभिमान. खोलीत कुणी नवा माणूस आला की ते आमच्याकडे बोट दाखवून म्हणत, "या पाचातली एक गेली तरी काम अडत नाही. कुठलं चित्र हरवत नाही." त्यात खोटे काही नव्हते. मात्र दोन गेल्या तर काय, हे कुणी विचारत नसे आणि तेही सांगत नसत.

याच खोलीत शकूताई कामाला होती. तेव्हा तिला कुणी ताई म्हणत नव्हते, सगळे नुसते शकू म्हणत. एडवणच्या कोळीवाड्यातली मुलगी, चित्रकलेची परीक्षा दिलेली. सकाळी सफाळ्याला येऊन गाडीने बोईसरला उतरायची. तिच्या हातात नक्षीची जात्याच समज होती. साहेबांनी मागवलेल्या कॅटलॉगमधली फुले ती काढायची तेव्हा आम्हाला लिहून घेताना कंटाळा यायचा, इतकी ती एकसारखी असत. पण स्वतःच्या मनाने एखादे पान ती वळवायची, तेव्हा आम्ही पाचही जणी खूश व्हायचो.

तिची आई मंजुळाबाई सफाळ्याच्या बाजारात मासळी विकायची. तिच्याकडे तिच्या आईचे, येसूबाईचे, एक लुगडे होते. हिरवट निळे अंग, लाल काठात शंखांची ओळ आणि पदरावर एक होडी, दोन शिडांची. ते छापणारी मुंबईची गिरणी संपानंतर बंद पडली आणि तसले लुगडे पुन्हा बाजारात आले नाही. येसूबाई गेली तेव्हा मंजुळाबाईच्या वाट्याला एवढेच आले. पण ते इतके विरले होते की नेसायला घेतले तर हातात यायचे. मंजुळाबाई वर्षातून एकदा ते उन्हात पसरायची आणि पुन्हा घडी करायची.

एक दिवस ती लेकीला म्हणाली, "शकू, तू एवढ्या लोकांची लुगडी छापतंस. माज्या आयचं एक छाप ना. त्यात एकदा उभी रायची हाय मला." शकूने हे दुसऱ्या दिवशी कृष्णकांतरावांना जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत कर. कंपनीच्या वेळात नको."

मग रोज जेवणाची सुट्टी झाली की डबा बाजूला ठेवून शकू ते लुगडे हातभर हातभर करून स्कॅनरवर ठेवायची. कापड विरलेले, रंग उडालेले. पडद्यावर नुसते डाग दिसायचे. त्या डागांतून ती एकेक शंख शोधून काढायची. पदराला तर तिने सगळा पावसाळा घालवला. होडीची नाळ, म्हणजे पुढचे उंच टोक, वल्हे, खालचे पाणी, सगळे टिंब टिंब करून पुन्हा उभे केले. अंग आणि काठ यांत एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, म्हणून थोडे हाती लागले तरी पुढचे काढता येते. होडीचे तसे नव्हते. अख्ख्या लुगड्यावर ती एकदाच होती.

ते सारे आमच्याकडे आले. शकूने त्या फोल्डरला नाव दिले होते, 'घरचं'. मित्रांनो, माझ्या पोटात किती हजार फुले गेली असतील, पण मला आठवते ती होडी. माझ्याकडे तिच्या पट्ट्याच होत्या, पण शकू जेव्हा पडद्यावर ती उघडायची तेव्हा आम्ही पाच जणी आपापली पट्टी एकदमच पुढे करायचो आणि त्या क्षणी होडी पुरी व्हायची. शेजारून तिसरीचा सूर लागायचा. असे एकत्र वाचले जाण्यात जे सुख असते ते मी शब्दांत कसे सांगू? आज या फळीवर बसून मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्याचीच.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रे धुऊनपुसून त्यांची पूजा करतात आणि त्या दिवशी ती चालवत नाहीत. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस विश्रांती. किती चांगली रीत आहे! पण आम्हा डिस्कची गोष्ट थोडी निराळी. आम्ही वर्षानुवर्षे न थांबता फिरू शकतो. थांबून पुन्हा उठणे हेच आम्हाला जड जाते. आमची सुई चकतीवर टेकते, आणि जुन्या डिस्कची टेकलेली सुई कधी कधी तिथेच चिकटून बसते. तोवर आम्हीही जुन्या झालो होतो.

कारखान्याचा वायरमन बळवंत माकुणसारचा. मोठा हौशी आणि भाविक माणूस. त्याने आमचे कपाट बंद केले, मऊ फडक्याने पुसले आणि प्रत्येकीच्या कपाळाला हळदकुंकू लावले. मग झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा असा घसघशीत हार करून कपाटाच्या तोंडावर बांधला. पाचही खण झाकले गेले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आमचे इतके लाड आजवर कुणी केले नव्हते. आम्ही रात्रभर त्या झेंडूच्या वासात निवांत पडून होतो.

दसऱ्याच्या सकाळी बळवंतने कळ दाबली. पहिली उठली, मी उठले, चौथी उठली, पाचवी बडबडत उठली. तिसरी उठली नाही. तिने दोनदा धडपड केली, मला ती ऐकू आली. टक्, टक्. मग काहीच नाही. कपाट जोराने पीं पीं करू लागले. बाहेर छपाईच्या यंत्रांपुढे आरती चालली होती, टाळ्या आणि घंटा. बळवंतने कपाटाच्या बाजूचे आवाज बंद करायचे बटन दाबले आणि म्हणाला, "चालू होताना ओरडतंच ते. गप बस आता, देवाचं चाललंय." मग तो आरतीला गेला.

तिसरीच्या कपाळावर पिवळा दिवा लागला होता. तो हाराआड होता. आणि बांधलेला हार आपल्याकडे कुणी हाताने ओरबाडून काढत नाही. तो आपोआप सुकू द्यायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत उतरवायचा. कृष्णकांतराव रोज येता-जाता आमच्याकडे बघायचे, हाराकडे बघून समाधानाने मान हलवायचे आणि आपल्या टेबलाकडे जायचे. माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. अहो, एकदा तरी ते फूल बाजूला करा! पण डिस्कला बोलता येत नाही. तिला एक दिवाच असतो बोलायला.

आम्ही चौघींनी काम अडू दिले नाही. कुणी तिसरीची पट्टी मागितली की आम्ही चौघी आपापले आकडे पुढे करायचो आणि तिचे काढून द्यायचो. प्रत्येक वेळी, दिवसभर. माणसाला दुसऱ्या माणसाचे काम अंगावर घेऊन हसतमुखाने चालता येते, पण धाप लागतेच ना? शकूच्या ते लक्षात आले होते. ती म्हणाली, "सर, मशीन आज जड चालतंय." कृष्णकांतराव म्हणाले, "दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, लोड वाढलाय." तेही खरेच होते. ऑर्डरी खूप होत्या.

त्याच दिवसांत शकूच्या वहिनीला मुलगा झाला. कोळीवाड्यातच काय, सगळीकडेच बाळाला जुन्या लुगड्याची दुपटी लागतात. नव्या कापडाने त्याचे अंग सोलवटते. आणि पणजीच्या लुगड्यात बाळ गुंडाळले की पणजीचे आयुष्य त्याला लागते, असे मंजुळाबाईच्या घरात मानत. तिने येसूबाईचे लुगडे बाहेर काढले. फाडण्याआधी शकूला विचारले. हे शकूने दुसऱ्या दिवशी बळवंतला पेढे देताना सांगितले, म्हणून मला ठाऊक.

"आय मला म्हनाली, त्या मशिनीत हाय ना सगळं? मी म्हनलं, पाच डिस्कवर हाय, आये. एक गेली तरी काय जात नाय. फाड तू."

बळवंत म्हणाला, "बरोबर हाय. पाच म्हनजे काय कमी झालं?"

मी दुसऱ्या खणात होते, दोन हातांवर. माझ्या शेजारचा खण मुका होता. एक गेलेलीच आहे, शकू, मी मनातल्या मनात ओरडले. आता पाच नाहीत, चार आहेत आणि या चारांतली एकही जाऊन चालणार नाही! शकूने पेढ्याचा पुडा मिटला आणि कामाला बसली. लुगडे फाडून झाले होते. पदर सगळ्यात मऊ होता, म्हणून त्याची दुपटी आधी झाली.

दिवाळी चार-सहा दिवसांवर आली तेव्हा पाचवीचा सूर बदलला. मधेच वर जायचा, मधेच खाली. तिच्या चकतीवर काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या. तिची तिलाच लाज वाटत होती, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची. आम्ही थांबायचो तिच्यासाठी. एका दुपारी कपाटाच्या मेंदूला तिची वाट बघवेना आणि त्याने तिला पंक्तीतून उठवले. खोलीतले सगळे पडदे एकदम थिजले.

कृष्णकांतराव धावत आले. त्यांनी सुकलेला हार वर उचलला, तशी पाने चुरगळून खाली पडली. तिसऱ्या खणावर पिवळा दिवा आणि पाचव्या खणावर पिवळा दिवा.

"हा कधीपासून लागलाय?" तिसरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले. बळवंतचा चेहरा पडला. तो म्हणाला, "साहेब, दसऱ्याला ओरडलं व्हतं ते. मीच बटन दाबला." कृष्णकांतरावांच्या हातात हार तसाच राहिला होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अंधेरीहून इंजिनिअर आला. त्याने आम्हाला तपासले आणि म्हणाला, "सर, दोन गेल्यात. नियमाप्रमाणे संपलं. टेप आहे का?" टेप होती. दर शनिवारी कारखान्याच्या कामाची नक्कल टेपवर घेतली जायची. म्हणजे शनिवारपर्यंतची गिऱ्हाइकांची नक्षी सुखरूप होती. शनिवारनंतरची नव्हती. आणि 'घरचं' तर टेपवर कधीच नव्हते. ते कंपनीचे काम नव्हते ना!

शकू खुर्चीत बसूनच होती. तिने एकच विचारले, "काहीच नाही का करता येणार?" तिचा आवाज असा होता की इंजिनिअरने बॅग पुन्हा खाली ठेवली.

तो म्हणाला, "तिसरी पूर्ण गेलीय. पण पाचवी अजून फिरतेय. तिला मी जबरदस्तीने परत आत घेऊ शकतो. किती वेळ टिकेल ते सांगता येत नाही. दहा मिनिटं, कदाचित अर्धा तास. आधी काय उचलायचं ते ठरवून घ्या. दुसऱ्यांदा उठणार नाही ती."

सगळे कृष्णकांतरावांकडे बघू लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शकूकडे न बघता म्हणाले, "आधी गिऱ्हाइकाचं. शनिवारनंतरचं सगळं. दिवाळीची ऑर्डर आहे, माणसांचे बोनस त्यावर आहेत. मग तुझं घे."

आणि मित्रांनो, हे उचलायचे काम शकूलाच करायचे होते. कोणती फाईल कुठे आहे ते तिलाच माहीत. कीबोर्ड तिच्याच हातात होता. 'घरचं' आधी ओढून घेतले असते तर कुणाला कळलेही नसते. तिने तसे केले नाही. 'हो सर' म्हणाली आणि गिऱ्हाइकाची फुले एकेक करून दुसऱ्या मशीनवर पाठवू लागली.

पाचवी उठली. काय तिची अवस्था सांगू! प्रत्येक पट्टीसाठी ती तीन तीनदा झटायची. पहिली, शिष्ट पहिली, तिला धीर देत होती. चौथी, जी कधी बोलली नाही, ती एका संथ लयीत फिरत राहिली, पाचवीला तो सूर धरता यावा म्हणून. आम्ही चौघी मिळून तिसरीच्या वाट्याच्या पट्ट्या काढत होतो. गुलाब पलीकडे गेले, कमळे गेली, चादरींच्या चौकटी गेल्या. खोलीत कुणी हलत नव्हते. शकूचा अंगठा कीबोर्डच्या कडेवर दाबून धरलेला होता.

मग तिने 'घरचं' उघडले. अंग गेले. काठ गेला. शंखांची ओळ सुखरूप पलीकडे पोचली. शेवटी पदराची फाईल. चित्र वरून खाली ओळीओळीने लिहिलेले असते, तसेच ते वाचलेही जाते. वरचे आभाळ गेले. एका शिडाचे टोक, दुसऱ्या शिडाचे टोक. डोलकाठी. शिडे पूर्ण गेली. थोडे राहिले गो, थोडेच राहिले, आम्ही तिघी पाचवीला म्हणत होतो. तिथे ती थांबली. सुई चकतीला शिवली. तो आवाज मी तुम्हाला सांगणार नाही.

इंजिनिअरने बघून मान हलवली. कृष्णकांतराव शकूजवळ आले आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

त्या संध्याकाळी शकूने घरी जाऊन दोरीवरची सगळी दुपटी उतरवून पाहिली म्हणे. पण बाळाची दुपटी सोडा घालून उकळतात. होडीचा तुकडा कुठला हेही ओळखू येईना. सगळी सारखीच पांढरट आणि मऊ झाली होती.

आमचे कपाट मोडीत निघाले. पहिली आणि चौथी चांगल्या होत्या. त्यांना पुसून, कोऱ्या करून दुसऱ्या मशीनमध्ये घातले. त्यांच्या पोटात आता कुणाचे काय आहे कोण जाणे. होडी तरी नाही. तिसरी आणि पाचवी भंगारच्या गोणीत गेल्या. मीही त्यांच्याबरोबर जाणार होते, माझ्या जोडणीची पिन उतरवताना वाकली होती. शकूने मला उचलले. कृष्णकांतरावांना म्हणाली, "ही मी नेऊ?" ते म्हणाले, "ने. काय करणार आहेस?" ती म्हणाली, "काही नाही." आणि तिने मला रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवले. तिसरीला मी शेवटचे पाहिले ते गोणीच्या तोंडातून, असे म्हणायला हवे होते. पण मला डोळे नाहीत. तिचा निरोपही मला घेता आला नाही.

पुढचे मी या फळीवरून ऐकले. कृष्णकांतरावांनी साहेबांकडे जाऊन लुगडे छापायची परवानगी आणली. छपाईच्या टेबलावर बळवंत स्वतः उभा राहिला. त्याचे ते काम नव्हते, पण छपाईच्या जाळीवरून रंग ओढायला त्यानेच हात लावला. अंग आणि काठ जमला होता. पदराचेच अडले. शकूने आठवून आठवून शिडांखाली होडी काढली आणि कागदावर आईला दाखवली.

"नाय गो," मंजुळाबाई म्हणाली. "ही नाय."

शकूने दुसरी काढली. नाळ उंच केली. मग तिसरी काढली, पोटाशी रुंद.

"नाय."

"मग कशी व्हती ती? सांग ना, आये."

"ते सांगता नाय येत. बगितली असती तर वळखली असती. पन ही नाय." मग ती म्हणाली, "राऊ दे. हाय तेवडंच छाप. लोकांची होडी माज्या आयच्या लुगड्यावर नको."

तसेच छापले. देवीच्या जत्रेला मंजुळाबाई ते नेसली. पदरावर दोन भरलेली शिडे आणि त्यांच्याखाली कोरे कापड. दारात बायका जमल्या. कुणीतरी विचारले, "होडी कुटं गेली गो?" मंजुळाबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाय कुटंतरी."

मित्रांनो, मी फार शिकलेली नाही, पण एक सांगते ते ऐका. आमच्यासारख्यांवर विश्वास जरूर ठेवा, पण आमच्या दिव्याकडे रोज बघा. आमची पूजा केलीत तर आनंदच आहे. त्याहून जास्त आनंद कुणी जवळ येऊन, वाकून, 'बरी आहेस ना' असे बघितले तर होतो. आणि ज्याची या जगात एकच प्रत आहे, आईचा फोटो असो, आजोबांचा आवाज असो, तिची दुसरी प्रत आजच करा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. पाच खणांत एकच वस्तू ठेवली म्हणून तिच्या पाच होत नाहीत. हे शकूला कुणी वेळेवर सांगितले नाही. म्हणूनच ती तुमच्या पहिल्या तासाला, कॉम्प्युटर चालू करायच्याही आधी, हेच शिकवते.

दुपारी तुम्ही घरी गेलात की मंजुळाबाई ओटीवर येते. आता तिला नीट दिसत नाही. ती फळी पुसते, तसबीर पुसते, मग मला हातात घेते. मागच्या आठवड्यात तिने शकूला विचारले, "यात काय हाय गो?" शकू म्हणाली, "पाचातली एक हाय ती. एकटीला काय वाचता येत नाय तिला." मंजुळाबाई 'हं' म्हणाली आणि पुसत राहिली.

मित्रांनो, मला ठाऊक आहे माझ्यात काय आहे. नाळेचा एक पट्टा आहे, अगदी जसा होता तसा. वल्ह्याचे टोक आहे. होडीखालच्या पाण्याच्या दोन रेघा आहेत. तिने बघितले असते तर ओळखले असते. ती मला दोन्ही हातांत धरून बसते, तिच्या आईची होडी तिच्या हातात असते, आणि मला ते तिला सांगता येत नाही.